पाच महिन्यांच्या बाळाला जुलाब: अंगातले पाणी कमी झाले आहे हे कसे ओळखावे आणि काय करावे?

प्रश्न
अकोल्याची आई

नमस्कार. माझ्या मुलाला पाच महिने पूर्ण झाले असून गेल्या आठवड्यात अंगणवाडीत त्याचे वजन साडेसहा किलो भरले होते. तो आतापर्यंत पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे; वरचे पाणी, गुटी किंवा अन्न यांपैकी काहीही आम्ही सुरू केलेले नाही. काल सकाळपासून त्याला पाण्यासारखी पातळ शी होत आहे. एरवीही त्याची शी सैल आणि पिवळसर असते, परंतु कालपासून ती हिरवट झाली आहे, दुपट्यावर पडताच सर्वत्र ओल पसरते आणि दर दीड-दोन तासांनी होते. रात्री दूध पिऊन झाल्यावर उलटीही झाली. ताप नाही आणि शीमध्ये रक्त दिसलेले नाही. रोटाव्हायरसच्या लसीचे तिन्ही डोस वेळेवर दिलेले आहेत.

येथे सध्या दुपारी ४४ अंशांच्या आसपास तापमान असते. कूलर चालू असला तरी दुपारी खोली तापते. सासूबाईंचे म्हणणे असे की बाळाची टाळू खोल गेली आहे, म्हणून टाळूवर तेलाचा बोळा ठेवावा, जायफळ उगाळून चाटवावे आणि उकळून गार केलेले पाणी चमच्याने पाजावे. आशाताईंनी सकाळी येऊन ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. त्यावर घरात असा प्रश्न निघाला की, सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही देऊ नका असे सर्वांनी बजावलेले असताना ओआरएस कसे चालेल, कारण तेही पाण्यातच कालवायचे असते.

शू किती होते हे मला नीट सांगता येत नाही, कारण पातळ शी आणि शू डायपरमध्ये एकत्र होते. टाळूवरून खरोखर काही कळते का, आणखी काय पाहावे, ओआरएस द्यावे का, दिल्यास किती आणि कसे, आणि दवाखान्यात केव्हा न्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १
निवृत्त परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र

ताई, सविस्तर उत्तरे इतर जाणकार देतीलच, परंतु पुढचे वाचण्याआधी बाळाला मांडीवर घ्या आणि काही गोष्टी पाहा. ते जागे असताना तुमच्या चेहऱ्याकडे नेहमीसारखे पाहते का, की हाक मारली आणि तळपायाला टिचकी मारली तरी पुन्हा डोळे मिटून घेते? अंगावर घेतल्यावर जोराने ओढते का, की दोन-चार वेळा चोखून सोडून देते? डोळे खोल गेल्यासारखे वाटतात का? आणि शेवटची शू केव्हा झाली, याबद्दल घरातील कोणाला खात्रीने काही सांगता येते का?

बाळ गुंगीत असेल, चोखत नसेल, पाजलेले प्रत्येक वेळी उलटून पडत असेल, उलटीचा रंग हिरवा असेल, शीमध्ये रक्त असेल, झटका आला असेल किंवा सहा तासांत शू झालेली नसेल, तर येथे उत्तराची वाट पाहू नका. यांपैकी एकही गोष्ट दिसली तरी बाळाला ताबडतोब जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बाळ शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत अंगावर पाजणे आणि चमच्याने ओआरएस देणे सुरू ठेवावे. गुंगीतल्या बाळाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

आता टाळूविषयी. सासूबाईंचे निरीक्षण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. अनेक घरांमध्ये हा बदल प्रथम आजीच्याच लक्षात येतो, कारण तिचा हात रोज बाळाच्या डोक्यावरून फिरत असतो. मात्र टाळू पाहण्याचीही एक रीत आहे. बाळ शांत असताना त्याला उभे धरून बोटांच्या पेरांनी हलकेच स्पर्श करावा. रडताना टाळू वर येते, म्हणून रडत्या बाळाची टाळू पाहून काहीच ठरवू नये. निरोगी बाळाची टाळूही किंचित खोलगट लागते आणि तिच्याखाली नाडीचे ठोके जाणवतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कवटीच्या हाडांची कड बोटाला स्पष्ट लागावी इतका खळगा पडला असेल आणि तो काल-परवापर्यंत नव्हता अशी खात्री असेल, तर ते लक्षण मानावे. तेलाचा बोळा ठेवल्याने तो खळगा भरत नाही. अंगातले पाणी भरून निघाले की टाळू आपोआप पूर्ववत होते.

पोटावरची चुणी पाहणे ही आम्ही केंद्रात रोज करत असलेली तपासणी आहे आणि ती घरीही करता येते. बाळाला पाठीवर निजवावे. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध अंगठा आणि तर्जनी यांच्या पेरांनी कातडीची उभी चुणी धरून उचलावी, क्षणभर थांबावे आणि सोडावी. नखांनी किंवा बोटांच्या टोकांनी चिमटा काढू नये, त्याने बाळाला दुखते आणि अंदाजही चुकतो. चुणी सोडताक्षणी सपाट झाली तर ठीक. ती क्षणभर दिसत राहिली तर पाणी कमी झाले आहे, आणि दोन सेकंदांहून अधिक काळ तशीच उभी राहिली तर प्रकरण गंभीर आहे. फार गुटगुटीत बाळात पाणी कमी असूनही चुणी लवकर मिटते, तर अगदी कृश बाळात पाणी पुरेसे असूनही ती रेंगाळते, म्हणून केवळ या एका खुणेवर विसंबू नये.

शूचा हिशेब ठेवण्यासाठी आजपुरते डायपर बाजूला ठेवून सुती लंगोट वापरावा. डायपर ओल इतकी आत शोषून घेतो की हाताला तो कोरडाच लागतो. मुलगा असल्यामुळे तुमचे काम थोडे सोपे आहे. लंगोटाच्या पुढच्या भागात पांढऱ्या सुती कापडाची वेगळी घडी ठेवा, म्हणजे शू पुढे आणि शी मागे राहून दोन्ही ओळखता येतील. प्रत्येक वेळी किती वाजले आणि शूचा रंग कसा होता हे कागदावर लिहून ठेवा. गडद पिवळी, उग्र वासाची आणि थोडीशीच शू होणे ही पाणी कमी पडत असल्याची सुरुवातीची खूण आहे. तो कागद डॉक्टरांना दाखवला तर त्यांना पुष्कळ मदत होईल.

उत्तर २
बालरोगतज्ज्ञ, नाशिक

वरच्या उत्तरातील प्रत्येक गोष्ट योग्य आहे. तपासणीवाचून मी या बाळाविषयी निदान करणार नाही. परंतु वय सहा महिन्यांच्या आत, पाण्यासारखे वारंवार जुलाब, सोबत उलटी, बाहेर कडक उन्हाळा आणि घरातल्यांना टाळू खोल वाटणे, हे सर्व एकत्र असताना मी माझ्या कोणत्याही रुग्णाच्या आईला आजच्या आज बाळ दाखवायला सांगितले असते. तुम्हीही तेच करावे. पुढचे विवेचन जाईपर्यंत आणि परत आल्यावर उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

लहान बाळाच्या अंगातले पाणी इतक्या लवकर का उतरते, हे घरच्यांना समजले की पुढचे निर्णय सोपे होतात. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो, त्यामुळे उष्णतेने उडून जाणारे पाणीही जास्त असते. त्याची मूत्रपिंडे पाणी राखून शू घट्ट करण्यात अजून तेवढी तयार झालेली नसतात. तहान लागली तर त्याला रडण्याखेरीज काही करता येत नाही, आणि ते रडणे भुकेचे समजले जाते किंवा पोटदुखीचे. साडेसहा किलोच्या बाळाने अर्धा किलो वजन गमावणे म्हणजे अंगातून जवळजवळ अर्धा लिटर पाणी जाणे, आणि ते त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के होते. म्हणून तुमच्याकडे गेल्या आठवड्याचे वजन आहे ही फार मोलाची माहिती आहे. शक्य असल्यास त्याच काट्यावर, कपडे काढून, आज पुन्हा वजन करावे. साधारण पाच टक्क्यांपर्यंत पाणी गेले असेल तर बाहेरून ठळक काही दिसत नाही. दहा टक्क्यांच्या पुढे गेले तर जीव धोक्यात असतो. या दोन्हींमधला टप्पा घरी ओळखता आला तर पुढचे संकट बहुधा टळते.

आरोग्य केंद्रांमध्ये वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत चार गोष्टी पाहतात: बाळाची जागरूकता, डोळे, पिण्याची रीत आणि पोटावरची चुणी. बाळ चिडचिडे व बेचैन असणे, डोळे खोल जाणे, दिलेले अधाशासारखे पिणे आणि चुणी हळू मिटणे, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी आढळल्या तर काही प्रमाणात जलशुष्कता, म्हणजे अंगातले पाणी कमी होणे, आहे असे धरतात. बाळ सुस्त किंवा बेशुद्ध असणे, डोळे खोल जाणे, पिता न येणे किंवा अगदी कमी पिणे आणि चुणी फारच हळू मिटणे, यांपैकी दोन आढळल्या तर ती गंभीर जलशुष्कता असते आणि तेथे शिरेतून सलाईन देण्याला पर्याय नसतो. यात एक बदल असा आहे जो पालकांना फसवतो. आदल्या दिवशी सतत रडणारे, बेचैन बाळ दुसऱ्या दिवशी शांत झाले की घरच्यांना ते बरे वाटू लागल्याचे चिन्ह वाटते. जुलाब चालू असताना आणि शू होत नसताना आलेली ही शांतता बहुतेक वेळा गुंगी असते. अशा वेळी बाळाला उठवून पाजून पाहावे, आणि ते नीट उठत नसेल तर क्षणाचाही विलंब करू नये.

अश्रूंविषयीही लोक विचारतात. अगदी नवजात बाळाला रडताना अश्रू येतच नाहीत, त्यामुळे तेथे ही खूण निरुपयोगी आहे. तुमच्या बाळाच्या वयात मात्र एरवी अश्रू येत असतील आणि आता कोरडे रडत असेल, तसेच तोंडात स्वच्छ बोट फिरवल्यावर जीभ व गालाची आतली बाजू चिकट-कोरडी लागत असेल, तर त्याची नोंद घ्यावी.

आता ओआरएस. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे हा नियम निरोगी बाळासाठी आहे आणि त्या नियमातही ओआरएस तसेच डॉक्टरांनी सांगितलेली औषधे यांना मुभा दिलेली आहे. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, म्हणून निरोगी बाळाला विदर्भाच्या उन्हाळ्यातही वरच्या पाण्याची गरज नसते. गरज असते ती अधिक वेळा पाजण्याची. जुलाबांत मात्र पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम हे क्षारही निघून जातात. साधे पाणी पाजले तर पोट भरते, दूध पिणे कमी होते, क्षारांची उणीव तशीच राहते आणि रक्तातील सोडियम आणखी खाली येऊन बाळाला झटके येऊ शकतात. ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात असतात. आतड्याची भिंत ग्लुकोज शोषताना त्याच्याबरोबर सोडियमही आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. ही क्रिया जुलाब चालू असतानाही बहुतांशी शाबूत राहते, म्हणून तोंडाने दिलेले पाणी अंगी लागते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना नातेवाइकांच्या हातून पाजवले, आणि तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. पाकिटातली ही पांढरी पूड किरकोळ वाटते, म्हणून मी हा दाखला पालकांना आवर्जून सांगतो.

देण्याची पद्धत अशी. प्रत्येक पातळ शीनंतर या वयात ५० ते १०० मिलीलिटर, म्हणजे साधारण पाव ते अर्धा कप ओआरएस वाटी-चमच्याने द्यावे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाच्या बाबतीत मात्र घरी प्रमाण ठरवत बसू नये, त्याला सरळ डॉक्टरांकडे न्यावे. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा, बाळाचे डोके थोडे उंच धरून, इतक्या सावकाश पाजावे. बाटलीने भराभर पाजले तर पोट एकदम ताणून उलटी होते, शिवाय बाटली व बोंडले यांच्या अस्वच्छतेतून पुन्हा जुलाब सुरू होतात. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग अधिक सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा असे पुन्हा सुरू करावे. उलटी झाली म्हणून ओआरएस बंद करणे ही आम्हाला वारंवार दिसणारी आणि बाळाला महागात पडणारी गोष्ट आहे. मधल्या वेळेत अंगावरचे दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त वेळ पाजावे. जुलाब होतात म्हणून दूध तोडू नये, आणि आईने काही बाधणारे खाल्ले म्हणून जुलाब झाले असे मानून तिला उपाशीही ठेवू नये.

दवाखान्यात बाळाला काही प्रमाणात जलशुष्कता आढळली तर तेथेच चार तास बसवून, वजनाच्या दर किलोमागे ७५ मिलीलिटर या हिशेबाने ओआरएस देतात. तुमच्या बाळासाठी ते सुमारे ४९० मिलीलिटर होते. हा आकडा मुद्दाम देत आहे, कारण एवढे ओआरएस पाहून घरचे लोक दचकतात आणि सलाईनच लावा असा आग्रह धरतात. ज्या बाळाला पिता येते त्याला तोंडाने दिलेले ओआरएस तितकेच गुणकारी आणि अधिक सुरक्षित असते.

झिंक जरूर द्यावे. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला दररोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, चमचाभर काढलेल्या आईच्या दुधात विरघळवून १४ दिवस द्यायची असते. जुलाब थांबले तरी हे चौदा दिवस पूर्ण करावेत.

जायफळ देऊ नये, अशी माझी सासूबाईंना नम्र विनंती आहे. जायफळाने गुंगी येऊ शकते, आणि आपण तर याच गुंगीवर नजर ठेवून आहोत. ती आजाराची आहे की जायफळाची, हे तपासताना मलाही सांगता येणार नाही. मोठ्या माणसांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या बाळाला कधीही देऊ नयेत, त्या आतड्यांची हालचालच बंद पाडतात. घरात उरलेले प्रतिजैविक औषधही देऊ नये; या वयातील बहुतेक पाण्यासारखे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर त्या औषधाचा उपयोग होत नाही. लसीचे तीन डोस झालेले आहेत हे चांगले आहे. त्यामुळे रोटाव्हायरसचा तीव्र आजार होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, परंतु इतर विषाणूंचे जुलाब होऊ शकतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात दात येण्याकडेही बोट दाखवले जाते. दातांमुळे असे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत, त्यामुळे त्या समजुतीपायी उपचार लांबवू नयेत.

उत्तर ३
औषधविक्रेता, पुणे

डॉक्टरांच्या उत्तराला दुकानातल्या अनुभवाची एक जोड देतो. पाकिटे दोन आकारांची मिळतात: एक पूर्ण लिटर पाण्यासाठी असते आणि दुसरे लहान, २०० मिलीलिटरसाठी. दोन्ही दिसायला सारखीच असल्यामुळे लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले जाते, आणि तसे झाल्यास बाळाच्या पोटात मिठाचे अतिशय तीव्र पाणी जाते. पाकिटावर छापलेले पाण्याचे माप वाचून, उकळून गार केलेले तेवढेच पाणी मोजून घ्यावे आणि पूर्ण पाकीट एकाच वेळी त्यात रिकामे करावे. थोडी थोडी पूड काढून अंदाजाने कालवू नये. चवीसाठी साखर, मीठ, लिंबू यांपैकी काहीही मिसळू नये. कालवलेले पाणी झाकून ठेवावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

घेताना जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असा उल्लेख पाहावा. लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असे एकूण २०.५ ग्रॅमचे ते मिश्रण असते. फळांच्या चवीची तयार पेये, ज्यांच्या खोक्यांवर ओआरएसशी मिळतीजुळती नावे असत, ती औषध नव्हेत. त्यांत साखर कितीतरी अधिक असते आणि जादा साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. हैदराबादमधील एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. नाव बदलले तरी पेय तेच राहते, त्यामुळे खोक्यापेक्षा मागचे घटक वाचावेत. आशाताईंनी दिलेली सरकारी पाकिटे योग्य सूत्राचीच असतात, ती निःशंकपणे वापरावीत. ग्लुकोजची पूड, नारळपाणी, डाळीचे पाणी किंवा पातळ चहा हे या वयाच्या बाळासाठी ओआरएसचे पर्याय नाहीत.

उत्तर ४
चंद्रपूरची आई

हा धागा उन्हाळ्यात बाळंत झालेल्या इतर मातांच्याही वाचनात येईल, म्हणून जुलाब नसतानाही बाळाच्या अंगातले पाणी कसे कमी होते ते सांगते. आमच्या मुलीचा जन्म मे महिन्यातला. घरी आणल्यावर ती फारशी रडत नसे, पाजायला घेतले की थोड्याच वेळात झोपी जाई, आणि भेटायला येणारे सर्व जण बाळ किती शहाणे आहे असे म्हणत. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद होत्या, बाळाच्या डोक्याला कानटोपी होती आणि अंगाभोवती दुपट्याच्या घड्या होत्या. चौथ्या दिवशी तिचे अंग तापलेले लागले आणि लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला. भेटीला आलेल्या आशाताईंनी वजन करून ते जन्माच्या वजनापेक्षा बरेच उतरल्याचे सांगितले आणि आम्हाला तत्काळ रुग्णालयात पाठवले. तेथे तपासणीत तिच्या रक्तातील सोडियम खूप वाढलेले निघाले. दूध पुरेसे पोटात जात नव्हते आणि उष्णतेने पाणी उडून जात होते.

तेथील डॉक्टरांनी समजावले की पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणे स्वाभाविक असते आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते; त्याहून अधिक उतरले तर दूध पोहोचत नाही असे समजावे. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, अशी शू वाढत जाऊन सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा अधिक वेळा व्हायला हवी. विटकरी डाग पहिल्या एक-दोन दिवसांत दिसू शकतो, पुढेही दिसत राहिला तर बाळ दाखवावे. अशा बाळाच्या पोटावरची चुणी बरीचशी ठीक असू शकते, त्यामुळे वजन आणि शू यांवरच भिस्त ठेवावी लागते. तिला सलाईन अतिशय सावकाश दिले गेले, कारण वाढलेले सोडियम एकदम खाली आणले तर मेंदूला सूज येऊ शकते. अशा बाळाला घरी साधे पाणी किंवा ओआरएस पाजून उपचार करू नयेत, हे त्यांनी आम्हाला निक्षून सांगितले होते.

रुग्णालयातच मला बाळ धरण्याची योग्य पद्धत परिचारिकांनी शिकवली. केवळ स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे, हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे आणि गिळल्याचा आवाज आला पाहिजे. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे आणि बाळ झोपाळू असेल तर उठवून पाजावे. आशाताईंच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटी ठरलेल्या असतात. त्या प्रत्येक भेटीत बाळाचे वजन करून घ्यावे, अशी माझी सर्व नव्या मातांना कळकळीची विनंती आहे.

पुढील प्रश्न
अकोल्याची आई

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाळाला घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो. तेथे त्याचे वजन सहा किलो शंभर ग्रॅम भरले. ते चिडचिडे होते आणि चमचा पुढे केला की अधाशासारखे ओढत होते. चुणी थोडी सावकाश मिटत होती. डॉक्टरांनी तेथेच चार तास बसवून ओआरएस पाजवले, मध्ये दोनदा उलटी झाली तरी थांबू दिले नाही, आणि त्यानंतर पुन्हा तपासून घरी सोडले. तेथेच त्याला भरपूर शू झाली आणि आता ते खेळत आहे. परंतु शी अजून पातळच आहे आणि घरातील मंडळींना वाटते की ओआरएसचा उपयोग झालेला नाही. हे किती दिवस चालेल, रात्री बाळ झोपले असताना ओआरएससाठी उठवावे का, आणि उन्हाळा असल्यामुळे यापुढे अधूनमधून ओआरएस देत राहावे का?

उत्तर ५
बालरोगतज्ज्ञ, नाशिक

वजन सहा टक्क्यांनी उतरले होते, त्यामुळे आजच नेण्याचा निर्णय अगदी योग्य होता. घरातील मंडळींना हे समजावून सांगा की ओआरएस जुलाब थांबवण्यासाठी नसतेच. जुलाब चालू असतानाही अंगातले पाणी टिकवणे एवढे एकच काम ते करते, आणि बाळाला शू झाली व ते खेळू लागले, यावरून ते काम झालेले आहे. शीचा पातळपणा साधारणपणे पाच ते सात दिवस राहू शकतो, क्वचित दोन आठवड्यांपर्यंतही. झिंकने तो कालावधी थोडा कमी होतो. चौदा दिवसांनंतरही जुलाब चालू राहिले तर तो वेगळा आजार समजून पुन्हा तपासावे लागते.

जोपर्यंत पातळ शी होते तोपर्यंत प्रत्येक शीनंतर पूर्वी सांगितल्याप्रमाणे ओआरएस द्यावे. केवळ ओआरएससाठी झोपलेल्या बाळाला उठवण्याची गरज नाही, मात्र रात्री पातळ शी झाली असेल तर कपडे बदलताना ते द्यावे आणि लगेच अंगावर पाजावे. जुलाब थांबले की ओआरएसही थांबवावे. उन्हाळा आहे म्हणून निरोगी बाळाला ते देत राहणे योग्य नाही. त्याऐवजी दुपारी अधिक वेळा अंगावर पाजावे, एकच सैल सुती झबले घालावे, टोपी काढावी आणि बाळाला भर उन्हात बाहेर नेणे टाळावे. कूलर लावताना एखादी खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा कोंडत नाही. तुम्ही स्वतः भरपूर पाणी प्या आणि वेळेवर जेवा. सासूबाईंनी या कामी लक्ष घातले तर तुम्हाला फार आधार होईल. शी काढल्यावर आणि ओआरएस कालवण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न ठरलेल्या वेळी सुरू करावे, या आजारामुळे ते लांबवू नये. पुढचे दोन आठवडे मात्र रोज एखादे पाजणे वाढवावे, म्हणजे उतरलेले वजन भरून येईल, आणि आठवड्याने अंगणवाडीच्या त्याच काट्यावर ते पुन्हा पाहावे. आज रात्रीसाठी एवढे लक्षात ठेवा की झोपण्यापूर्वी शेवटची शू किती वाजता झाली ते लिहून ठेवायचे, आणि त्यानंतर सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, दूध ओढणे मंदावले, उलट्या वाढल्या, ताप आला किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच रुग्णालयाच्या अपघात विभागात बाळाला घेऊन जायचे.